कॉर्न स्नेक पाळायचाय? साप सगळ्यात शेवटी घरी आणा

कॉर्न स्नेक पाळायला सोपा, असं सगळेच सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण गोष्टी ज्या क्रमाने व्हायला हव्यात त्या क्रमाने झाल्या तरच तो सोपा जातो. आधी हा साप पाळणारी चार माणसं, मग पेटी, मग त्या पेटीतलं तापमान आठवडाभर न ढळता राहतंय याची खात्री, आणि मग साप. नवखी मंडळी बहुधा उलटी जातात. रंगाला भुलून पिल्लू आणतात, त्याच दिवशी मिळेल त्या डब्यात ठेवतात, आणि तिसऱ्या दिवशी ‘खात नाही, काय करू?’ म्हणून विचारत फिरतात.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या दक्षिणेपासून फ्लोरिडापर्यंतचा. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुट्टाटस. धामणीच्याच कुळातला, बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा. अंड्यातून निघताना २० ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम सहा-आठ ग्रॅम वजनाचा असतो. तीन वर्षांत साधारण ९० ते १५० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. नोकरी, घर, शहर यांतलं काहीही बदललं तरी तो सोबत असणार आहे, हा हिशेब आत्ताच करा.

आधी माणसं शोधा

सरीसृप पाळणाऱ्यांच्या संस्था, त्यांच्या मासिक बैठका आणि रेप्टाइल एक्स्पो म्हणजे प्रदर्शन-विक्रीचे मेळावे, या तीन ठिकाणी ओळखी होतात. जर्मनीत हाम इथे वर्षातून अनेकदा भरणारा ‘टेरारिस्टिका’ हा यांतला जगभर माहीत असलेला मेळावा. पण शिकायला एवढं मोठं काही लागत नाही. प्रौढ कॉर्न स्नेक पाळणारा एकच माणूस भेटला आणि त्याने तासभर आपली पेटी दाखवली तर पुष्कळ कळतं.

भेटायला जाल तेव्हा काही गोष्टी मुद्दाम पाहा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर राखणारं यंत्र, कुठे लावलाय, त्याचं तापमान मोजणारं टोक नेमकं कुठे चिकटवलंय, दाराला कुलूप कोणतं आहे, गोठवलेले उंदीर कुठे ठेवतात, साप बाहेर काढताना हात कसा नेतात. शक्य असेल तर खायला घालायच्या दिवशीच जा. मेलेला उंदीर चिमट्यात धरून सापापुढे नाचवणं आणि साप तो गिळतो ते पाहणं तुम्हाला, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना, झेपणार आहे का, हे तिथेच कळेल. फ्रीझरमध्ये उंदीर ठेवण्यावरून घरात होणारा वाद साप यायच्या आधीच होऊन गेलेला बरा.

सल्ले परस्परविरोधी मिळतील. तेव्हा समोरच्याला एकच विचारा, ‘तुमच्याकडचा सगळ्यात म्हातारा कॉर्न स्नेक किती वर्षांचा आहे?’ दहा वर्षं एक साप धडधाकट ठेवणाऱ्याचं ऐकावं. दहा महिन्यांत दहा साप गोळा करणाऱ्याचं जपून ऐकावं. आकडा न देणारा सल्लाही फारसा कामाचा नसतो. ‘उबदार ठेवा’ यातून काही कळत नाही. ‘उबदार बाजूच्या लपणात जमिनीला ३० अंश’ यातून कळतं.

याच भेटींत सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्य कोण ते विचारून नंबर लिहून ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सापाचं कळतंच असं नाही.

कायदा पाहायला विसरू नका, कारण तो जागेप्रमाणे बदलतो. ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक पाळता येत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तो स्थानिक वन्यजीव असल्याने पाळणं बेकायदा आहे, आणि शेजारच्या राज्यांत नियम वेगळे. तुमच्या भागात काय चालतं ते वनखात्याकडून किंवा संबंधित कार्यालयाकडून लेखी कळून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

पेटी

प्रौढ सापासाठी १२० × ६० × ६० सेंटिमीटरची, पुढून दार उघडणारी पेटी घ्या. जुन्या मार्गदर्शकांत ९० × ४५ ची शिफारस सापडते. लहान चणीच्या नराचं त्यात भागतं, पण सापाला पूर्ण ताणून पडता यायला हवं, असं आता बहुतेक अनुभवी मंडळी मानतात. हा साप चढतो, त्यामुळे उंचीही वाया जात नाही. त्याच्या वजनाने हलणार नाही अशी एक जाड फांदी तिरकी बसवा.

पिल्लाला थेट मोठ्या पेटीत ठेवता येतं, पण मग ती पालापाचोळा, साली, नळ्या यांनी गच्च भरायला हवी. उघड्या जागेत पिल्लू बिथरतं आणि खाणं सोडतं. म्हणून पहिलं वर्ष घट्ट झाकणाचा ३० ते ४० सेंटिमीटर लांबीचा प्लास्टिक डबा सोयीचा. त्याला हवेसाठी भोकं पाडायची ती तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने आणि आतून बाहेर, म्हणजे धारदार कडा आत राहत नाहीत. भोक ३-४ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो, आणि पिल्लाचं डोकं पेन्सिलीपेक्षा फार जाड नसतं.

पेटीत किमान दोन लपणं लागतात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. लपण अंगाला लागेल इतकं चिंचोळं हवं. प्रशस्त गुहा आपल्याला आवडते, सापाला नाही. लपण एकच ठेवलं तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं. तो बहुतेक वेळा आडोसा निवडतो, थंडीत पडून राहतो, आणि पोटातलं अन्न पचत नाही.

तळाला अ‍ॅस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा पाच-सात सेंटिमीटर जाड पसरा. साप त्यात बोगदे करून राहतो. देवदार आणि ताज्या पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांनी श्वसनमार्गाला त्रास होतो. वाळूही नको. पाण्याचं भांडं जड, न कलंडणारं, आणि साप वेटोळं घालून बसेल एवढं मोठं.

पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका. साप तिला चिकटतो, सुटायला धडपडतो आणि कातडी सोलली जाते. चिकटलाच तर ओढायचं नाही. खाद्यतेल लावून हळूहळू पट्टी सोडवायची.

एका पेटीत एकच साप. त्यांना सोबत लागत नाही, आणि कॉर्न स्नेकने कॉर्न स्नेकला गिळल्याची उदाहरणं आहेत.

उष्णता: इथेच बहुतेकांचं चुकतं

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाही. तो जागा बदलून तापमान साधतो. त्यामुळे अख्खी पेटी सारखीच गरम करून उपयोग नाही. एक टोक उबदार आणि दुसरं थंड हवं. उबदार लपणाच्या जमिनीला २९ ते ३१ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २२ ते २५. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं.

हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, वापरत असाल तर ती पेटीच्या एका बाजूला, तळाचा तिसरा हिस्सा ते निम्मा व्यापेल एवढीच ठेवा. ती काचेच्या पेटीखाली लावायची असेल तर पेटीला पाय हवेत; खाली हवा खेळली नाही तर उष्णता साचते आणि काच तडकू शकते. जाड लाकडी तळाखाली मॅट निरुपयोगी, शिवाय धोक्याचीही. लाकडी पेटीत वरून ऊब द्या. त्यासाठी हॅलोजन बल्ब किंवा सिरॅमिक हीटर चालतो, पण त्याभोवती जाळीचा पिंजरा लागतोच. साप गरम बल्बला वेटोळं घालतो आणि भाजेपर्यंत सोडत नाही.

थर्मोस्टॅटशिवाय काहीही चालू करू नका. मोकळी सोडलेली मॅट ५० अंशांच्या आसपास पोचू शकते, आणि साप पोट भाजत असतानाही तिथेच पडून राहतो. मॅटला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट पुरतो, सिरॅमिकला पल्स प्रकारचा, म्हणजे वीज छोट्या झटक्यांत देणारा लागतो आणि हॅलोजनला डिमिंग, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा. बल्बला चालू-बंद प्रकार लावला तर दिवा सतत उघडमीट करतो आणि लवकर जातो.

थर्मोस्टॅट असूनही भाजणं होतं ते त्याचं टोक हलल्यामुळे. सापाने टोक उचकटून थंड बाजूला ढकललं, की यंत्राला वाटतं पेटी गार आहे, आणि ते मॅट तापवतच राहतं. टोकावर पाणी सांडलं तरी हाच प्रकार. म्हणून मॅट बाहेरून लावली असेल तर टोक मॅट आणि काच यांच्यामध्ये, बाहेरूनच पक्कं करा. साप भुसा उकरून थेट काचेवर झोपतो, त्यामुळे तापमान मोजायचं तेही उघड्या काचेवर. भुशावरचा आकडा फसवा असतो. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. पेटीच्या भिंतीवर चिकटवायची गोल तबकडी कशालाच उपयोगी नाही.

आर्द्रता ४० ते ६० टक्के. दिवस-रात्र कळावी म्हणून १२ तास उजेड. सौम्य यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा दिला तर चांगलंच, मात्र त्याखाली सावलीची जागा हवी.

हे सगळं मांडून झालं की रिकामी पेटी सात दिवस चालवा. सकाळ-दुपार-रात्र दोन्ही टोकांचं तापमान लिहा. खोलीतलं हवामान, पंखा, खिडकीतलं ऊन यांचा परिणाम तेव्हाच दिसतो. आकडे स्थिर राहिले की साप शोधायला लागा.

साप निवडताना

पाळीव सापांपासून जन्मलेलंच पिल्लू घ्या. जंगलातून पकडलेल्यात परजीवी असतात आणि ताणही असतो. पहिली कात टाकलेली आणि त्यानंतर सलग किमान चार-पाच वेळा गोठवून वितळवलेलं खाणं खाल्लेलं असलं पाहिजे. तारखांची नोंद मागा. चांगला ब्रीडर, म्हणजे सापांची पैदास करणारा, ती आपणहून देतो. जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका.

हातात घेतल्यावर पिल्लू जिवंत वाटायला हवं. सैल लोंबणारं नको. जीभ लवलवते आहे का, शरीर गोल आहे की कणा वर येऊन त्रिकोणी दिसतंय, गुदद्वार स्वच्छ आहे का, नाकातोंडाशी बुडबुडे आहेत का, हे बघा. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली बारीक काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे आहेत. तिथून काहीच घेऊ नका, शेजारच्या डब्यातलंही नाही. मरतुकड्या पिल्लाची दया येऊन त्याला ‘सोडवायला’ विकत घेणं हा नवख्याचा उद्योग नव्हे.

रंगांचं जग मोठं आहे. काळा रंग नसलेला अमेल, लाल नसलेला अ‍ॅनेरी, दोन्ही नसलेला पांढुरका स्नो. ‘हेट’ म्हणजे जनुक आहे पण दिसत नाही. रंग कोणताही घ्या, पाळण्यात फरक पडत नाही. सनकिस्ड या रंगप्रकाराच्या घराण्यातल्या सापांबद्दल मात्र एक प्रश्न विचाराच. त्यात ‘स्टारगेझर’ नावाचा अप्रभावी दोष आढळतो. दोष असलेल्या सापाचा तोल जातो, मान वर वळते. पालकांची जनुकीय तपासणी झाली आहे का ते विचारा.

पहिले पंधरा दिवस आणि खाणं

घरी आणल्यावर पेटीत सोडा आणि सात दिवस हात लावू नका. पाणी बदला, एवढंच. उत्साही पाहुण्यांना थोपवणं हेही यातच आलं.

सातव्या दिवशी पहिलं खाणं. नवजात पिल्लाला एक छोटा पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं दोन-तीन ग्रॅमचं उंदराचं पिल्लू, दर पाच ते सात दिवसांनी. पुढे भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा जेमतेम दीडपट धरा. जरा वाढलेल्या सापाला त्याच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, आठवड्याला. प्रौढाला २० ते ३० ग्रॅमचा एक उंदीर १० ते १४ दिवसांनी पुरतो. पाळीव कॉर्न स्नेक भुकेने मरण्यापेक्षा लठ्ठ होण्याची शक्यता जास्त. तो नेहमी भुकेलाच दिसतो, त्याला फसू नका. एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा घ्या आणि महिन्यातून एकदा वजन लिहा.

गोठलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. मग पिशवीत घालून ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं. पोट दाबून पाहा. आत गार गाठ लागली तर अजून थांबा. मायक्रोवेव्ह नको, उंदीर फुटतो किंवा आतून शिजतो. उकळतं पाणीही नको. लांब चिमट्याने, डोकं पुढे करून द्या. बोटांनी दिलंत तर साप ऊब आणि वास यांवरून बोटच धरेल, आणि दोष त्याचा नसेल. जिवंत उंदीर देऊ नका, तो सापाला चावून गंभीर जखमा करतो. खायला घालण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवण्याचा जुना सल्ला सोडून द्या. पोट भरलेल्या सापाची उचलाउचल हे ओकण्याचं हमखास कारण आहे. खाल्ल्यावर ४८ तास त्याला हात नाही.

पिल्लाने नाकारलं तर उंदीर काढून टाका आणि पाच दिवस थांबा. पुन्हा नाकारलं तर छोट्या, भोकं पाडलेल्या डब्यात पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून तो डबा रात्रभर पेटीतच, अंधारात राहू द्या. बरीच पिल्लं अशी खातात. जंगलात ती सुरुवातीला सरडे आणि बेडूकही खातात, त्यामुळे काही हट्टी पिल्लांना पिंकीला सरड्याचा वास लावून द्यावा लागतो. ही युक्ती अनुभवी माणसासमोर करा. तीन-चार वेळा उपाशी आणि वजन दहा टक्क्यांनी घटलं, तर डॉक्टर. प्रौढ नर विणीच्या हंगामात काही आठवडे खात नाही. वजन टिकून असेल तर काळजी नको.

दोन वेळा नीट खाल्लं की हाताळणं सुरू करा, पाच मिनिटांपासून. हात बाजूने न्या. वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. शेपटी भुशात थरथरत असेल तर परत फिरा. पिल्लू चावलं तर ओरखड्यापेक्षा जास्त काही होत नाही; साबणाने धुवा. मोठ्या सापाने खाणं समजून हात धरून ठेवला तर ओढू नका. त्याच्या तोंडावर गार पाण्याची धार सोडा, तो सुटतो.

दर वेळी हात साबणाने धुवायचे. सरीसृपांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना साप हाताळू देऊ नका.

कात

डोळे निळसर-दुधी झाले, रंग मळकट झाला की कात जवळ आली. या काळात तो खात नाही आणि चिडका असतो. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. ती एकसंध, मोज्यासारखी उलटी निघायला हवी. तुकड्यांत निघाली तर हवा कोरडी होती. पुढच्या वेळी ओलं शेवाळ भरलेला झाकणाचा डबा, एका बाजूने भोक पाडून, पेटीत ठेवा. निघालेल्या कातीवर डोळ्यांच्या दोन्ही टोप्या, म्हणजे डोळ्यांवरचे पारदर्शक पापुद्रे, आहेत का ते तपासा. डोळ्यावर राहिलेली टोपी नखाने सोलायचा मोह नडतो. ओलाव्याने पुढच्या कातीला ती बहुधा निघते, नाहीतर डॉक्टर.

बिघाड ओळखणं

ओकारी सगळ्यात महत्त्वाची. थंडी, मोठं भक्ष्य किंवा खाल्ल्यावर हाताळणी, यांतलं एक कारण बहुधा सापडतं. लगेच पुन्हा खायला घालू नका, पोटातली आम्लं आणि जंतू पूर्ववत व्हायला वेळ लागतो. १० ते १४ दिवस फक्त पाणी, नंतर निम्म्या आकाराचं खाणं. पुन्हा ओकला तर विष्ठा तपासून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असाच दिसतो, सापाच्या मध्यभागी सूज येते, आणि तो साध्या ब्लीचने मरत नाही.

पाण्यात तासन् तास बसून राहणं म्हणजे एकतर माइट्स किंवा पेटी फार गरम. पाण्याच्या तळाशी काळे कण दिसतात का पाहा, आणि थर्मामीटर लावा. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी फेस, मान वर ताणलेली, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं. याला घरगुती उपाय नाही. पेटी धुवायला फिनाइल किंवा फिनॉल असलेलं काहीही वापरू नका, सापांना ते विषारी. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक चालतं.

निसटला तर घाबरून घरभर धावू नका. पहिल्यांदा त्याच खोलीची दारं बंद करा आणि दाराखालची फट कापडाने भरा. बहुतेक साप भिंतीच्या कडेने सरकत जवळच्या उबदार फटीत जातात: फ्रीजची मोटर, कपाटामागची जागा, पुस्तकांची मागची रांग. रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन शोधा.

मेळाव्यात आणि मंडळींत वावरताना

आपला साप बैठकीला नेऊ नका. माइट्स आणि रोग असेच पसरतात. मेळाव्यात टेबलांवरचे प्राणी विचारल्याशिवाय हाताळू नका. हाताळलेत तर दोन टेबलांच्या मध्ये हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने माइट्स जात नाहीत. घरी आल्यावर कपडे धुवायला टाकून, अंघोळ करूनच स्वतःच्या पेटीजवळ जा. दुसरा साप घेतलाच, तर तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने आणि वेगळ्या भांड्याने. रोजची कामं आधी जुन्या सापाची, मग नव्याची.

मदत मागताना माहिती पूर्ण द्या. वय, वजन, दोन्ही टोकांचं तापमान आणि ते कशाने मोजलं, शेवटचं खाणं कधी आणि केवढं, शेवटची कात, आणि अख्ख्या पेटीचा एक फोटो. पेटीच्या फोटोवरूनच निम्मे प्रश्न सुटतात. घराचा पत्ता उघड होईल असं मात्र काही टाकू नका. साप चोरीला जातात.

सांभाळणं अशक्य झालं तर ही मंडळी नवा पालक शोधून देतात. बाहेर सोडणं हा पर्याय नाही. ग्रँड केमनसारख्या बेटांवर बाहेरून आलेले कॉर्न स्नेक स्थायिक झाले आहेत आणि तिथल्या स्थानिक जिवांना खातात.

ओळख पक्की झाली की सुट्टीच्या काळात एकमेकांचे साप बघायची अदलाबदल ठरवा. प्रौढ साप दोन आठवडे खाण्यावाचून आरामात राहतो, त्यामुळे सांभाळणाऱ्याला उंदीर हातात धरायची वेळच येत नाही. त्याच्यासाठी पेटीवर एक कागद चिकटवा: पाणी दर दोन दिवसांनी बदलणे, उबदार बाजू २९ ते ३१, आकडा ३३ च्या वर गेला तर मॅटची पिन काढून ताबडतोब फोन करणे, दार लावल्यावर कुलूप ओढून पाहणे. खाली डॉक्टरांचा नंबर आणि तुमचा.